धुराला दंड, धुळीला माफी

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याला डिझेलचा हिशेब विचारा, तो तोंडपाठ सांगेल. एका एकराच्या नांगरटीला किती लागते, रोटाव्हेटरला किती, फवारणीला किती, सगळे त्याच्या जिभेवर असते. डिझेल दोन रुपयांनी वाढले की पारावर त्याची चर्चा होते. पण त्याच ट्रॅक्टरने दिवसभरात हवा किती ओढली, असे विचारले तर समोरचा माणूस आपल्याकडे संशयाने बघेल. हवेला पैसे पडत नाहीत, आणि ज्याला पैसे पडत नाहीत त्याचा हिशेब ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही.

तो ठेवायला हवा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान १० हजार लिटर हवा लागते. हा झाला रसायनशास्त्राचा हिशेब. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून कितीतरी जास्त हवा आत घेते. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २ हजार फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला सव्वादोन ते अडीच हजार लिटर हवा ओढते. तासाचे झाले सुमारे दीड लाख लिटर. डिझेल मात्र तासाला पाच-सात लिटर. इंजिनाचे मुख्य खाद्य हवा आहे आणि डिझेल हे तोंडी लावणे, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

आता ही हवा कुठली, ते पाहू. मृग बहारासाठी संत्र्याच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात, ओळींमधून वखर किंवा कल्टिव्हेटर चालू असतो, जमीन कोरडी ठणठणीत. ट्रॅक्टरच्या मागे धुळीचा लोट उठतो, वारा नसला की तो तिथेच, झाडांच्या दोन ओळींमध्ये, तरंगत राहतो आणि पुढच्या फेरीला ट्रॅक्टर त्याच लोटातून परत येतो. धुऱ्यावर पोचल्यावर ड्रायव्हर बॉनेट उघडतो, एअर फिल्टर काढतो, मागच्या मोठ्या टायरवर चार-सहा वेळा आपटतो, तोंडाने फुंकर मारतो आणि परत बसवून पुढच्या ओळीला लागतो. त्याच्या मते त्याने निगा राखली. खरे तर त्या आपटण्यात कागदाच्या घड्या दुमडल्या, टोकाची रबरी गादी वाकडी झाली आणि फिल्टरच्या कडेने धुळीला वाट मिळाली.

कागदी फिल्टरची गंमत अशी की तो कोरा असताना जितकी धूळ अडवतो, त्याहून जास्त थोडा मळल्यावर अडवतो. कागदावर बसलेला पहिला धुळीचा थरच पुढची बारीक धूळ धरून ठेवतो. म्हणून ऊठसूट फिल्टर उघडणे हे त्याला जपणे नव्हे. हवा अडू लागल्याचे दाखवणारा दर्शक ज्या ट्रॅक्टरवर आहे, तिथे दर्शक लाल झाल्यावरच फिल्टरला हात लावावा. साफ करायचाच तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारलेला कॉम्प्रेसरचा झोत धूळ कागदात ठोकून बसवतो किंवा कागदच फाडतो. ज्या ट्रॅक्टरांना दोन फिल्टर असतात त्यांतला आतला लहान फिल्टर साफ करायचा नसतोच, ठरलेल्या मुदतीने बदलायचा असतो. गॅरेजमध्ये मात्र दोन्ही एकाच झोताखाली धरले जातात.

पेट्रोल आणि डिझेल या दोन इंजिनांमध्ये हवेच्या बाबतीत मुळातच फरक आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. मोटारसायकलची मूठ पिळली की आपल्याला वाटते, पेट्रोल वाढवले. वास्तविक ती मूठ हवेची वाट उघडते. पेट्रोल किती द्यायचे हे त्या हवेच्या मानाने ठरते. पूर्वी ते कार्बोरेटर ठरवायचा, आता सेन्सर आणि संगणक ठरवतात. पेट्रोलला हवेशी वजनाने साधारण १ ला १४.७ असे प्रमाण लागते आणि ते राखायचे तर हवेवर ताबा असावाच लागतो. डिझेल इंजिनाचे उलटे आहे. तिथे हवेच्या वाटेवर बहुधा झडपच नसते. इंजिन प्रत्येक फेरीला मावेल तेवढी हवा घेते. कमी-जास्त होते ते फक्त डिझेल, आणि ते काम गव्हर्नर करतो.

याचा व्यवहारातला अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात येतो. ट्रॅक्टर नांगर ओढत असो की नुसता रेसवर उभा असो, फेऱ्या सारख्या असतील तर हवा सारखीच ओढली जाते. धुऱ्यावर कुणाशी बोलत दहा मिनिटे इंजिन रेसवर ठेवले तर डिझेल थोडे जळाले म्हणून समाधान वाटते. धूळ मात्र पूर्ण कामाची आत गेलेली असते. ताशी दीड लाख लिटर, म्हणजे १५० घनमीटर हवा. तिच्या दर घनमीटरात ग्रॅमचा एक दशांश धूळ आहे असे धरले, तर तासाला १५ ग्रॅम आणि दहा तासांच्या दिवसाला १५० ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारात येते. फिल्टरने ९९.९ टक्के अडवली तर आत जाते ०.१५ ग्रॅम. ९९ टक्के अडवली तर दीड ग्रॅम. कागदावर ०.९ टक्क्याचा फरक दिसतो, इंजिनाला तो दहापट असतो. आणि ९७ टक्क्यांवर आलेला, कडा सुटलेला फिल्टर शंभर दिवसांत जवळजवळ अर्धा किलो धूळ इंजिनात सोडतो.

ही धूळ तेलात मिसळली की पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये कानसेसारखी चालते. पाच ते वीस मायक्रॉनचे कण सर्वांत घातक, कारण ते तेलाच्या थरात शिरतात आणि दोन्ही बाजूंचे धातू घासतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. मग इंजिन तेल खाऊ लागते, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, ओढ कमी होते आणि एक दिवस मिस्त्री सांगतो की इंजिन खोलावे लागेल. बोअरचे काम, रिंगा, बेअरिंग मिळून येणारा खर्च संत्र्याच्या एखाद्या बहाराचा नफा खाऊन टाकतो. दोष मात्र डिझेलच्या भेसळीला, तेलाच्या कंपनीला किंवा मागच्या ड्रायव्हरला दिला जातो.

जुन्या ट्रॅक्टरांवर आणि विहिरीवरच्या इंजिनांवर तेलाच्या वाटीचा, म्हणजे ऑइलबाथ एअर क्लीनर असतो. पुण्याच्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या दशकांत डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या विहिरीविहिरींवर पोचले. तेलाची ही वाटी शेतकऱ्याने तेव्हापासून पाहिली आहे. आत येणारी हवा तेलावर आपटते, जड धूळ तेलात बसते, उरलेली तेलाने भिजलेल्या जाळीत अडकते. स्वस्त आणि टिकाऊ युक्ती. अट एकच, वाटीतले तेल खुणेपर्यंत असावे. कमी नको, जास्तही नको, आणि गाळ साचला की बदलावे. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज उघडून पाहा, असे ट्रॅक्टरबरोबर मिळणारे पुस्तक सांगते. ते पुस्तक बहुतेक घरांत आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखाने नांदते.

तेल कमी पडले तर धूळ आत जाते हे निदान समजते. जास्त झाले तर काय होते, हे पाहिलेला माणूस जन्मभर विसरत नाही. उतारावर किंवा जोराच्या रेसवर वाटीतले जादा तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते, आणि डिझेल इंजिनाला ते तेलही जाळायला चालते. इंजिनाचा वेग आपोआप वाढू लागतो, आवाज चढत जातो, ड्रायव्हर डिझेल बंद करतो तरी इंजिन थांबत नाही, कारण आता ते डिझेलवर चालतच नसते. अशा वेळी हातात दोनच उपाय राहतात: वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून इंजिनाला बळेच बंद पाडणे, किंवा जाड फळीने हवेचे तोंड बंद करणे. हात लावायचा नाही. ती ओढ हात जायबंदी करू शकते. ज्या इंजिनाच्या हवेला झडप नाही, त्याला थांबवायची शेवटची किल्ली हवाच आहे, हे तेव्हा कळते.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. काटोल स्टेशनावरून जाणारी रेल्वे इटारसीमार्गे भोपाळकडे जाते. त्याच वाटेवर नर्मदेच्या पलीकडे बुदनी लागते. तिथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रांचे प्रशिक्षण देणारी आणि त्यांची चाचणी घेणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात ट्रॅक्टर वेगवेगळ्या बाजूंना कलता ठेवून एअर क्लीनरमधले तेल इंजिनात ओढले जाते का, याची स्वतंत्र नोंद असते. म्हणजे नवा ट्रॅक्टर बाजारात येण्याआधी त्याच्या हवेच्या वाटेची काटेकोर परीक्षा होते. तो काटोलात किंवा कोंढाळीत पोचला, पूजा झाली, नारळ फुटला, की पुढची दहा-पंधरा वर्षे त्या वाटेकडे कुणी अधिकृत माणूस पाहत नाही.

खरेदीसाठी मात्र सगळे हात पुढे आहेत. महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड झाली की अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५० टक्के किंवा सव्वा लाखापर्यंत आणि इतरांना ४० टक्के किंवा एक लाखापर्यंत अनुदान. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याच्या जाहिराती झाल्या. ते चांगलेच झाले. पण विकत घेण्याला उत्तेजन आणि टिकवण्याकडे पाठ, हे धोरण यंत्र विकणाऱ्याच्या सोयीचे आहे. धुराच्या कडक मानकांचेही तसेच. ट्रॅक्टरांसाठीचा चौथा टप्पा जानेवारी २०२३ पासून लागू झाला तो ५० अश्वशक्तीच्या वरच्यांना. संत्र्याच्या ओळींत शिरणारे लहान ट्रॅक्टर त्याच्या बाहेरच राहिले.

राहिली पीयूसी. इथे या स्फुटाचा खरा मुद्दा आहे. डिझेल वाहनाची तपासणी कशी होते? गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि नळीतून निघणाऱ्या धुराची घनता मोजतात. फिल्टर चोंदलेला असेल तर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि गाडी नापास होते. इथवर ठीक. पण फिल्टर फाटलेला असेल, कडा सुटलेली असेल, किंवा फिल्टर काढूनच टाकला असेल तर? हवा भरपूर मिळते, धूर स्वच्छ येतो, गाडी पास. म्हणजे नापास गाडी पास करून घ्यायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फिल्टर काढून ठेवणे, आणि यंत्र त्यावर शिक्का मारते. त्या इंजिनात शिरलेली धूळ पुढे दोन-तीन वर्षांनी निळ्या धुराच्या रूपाने बाहेर येईल तेव्हा मालकाला दंड होईल. दंड पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत जाऊ शकतो, अशी सोय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आहे. रोग होऊ द्यायचा आणि लक्षणाला शिक्षा करायची, असा हा न्याय आहे.

दुचाकींची गोष्ट वेगळी नाही. कर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवण्याचे कार्यक्रम पोलीस कॅमेऱ्यासमोर करतात. आवाजाचा त्रास होतो, कारवाई योग्यच. पण तीच पोरे पिकअप वाढतो म्हणून एअर फिल्टरही काढतात, त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आले, कार्बोरेटर गेला आणि नव्या गाड्यांत हवा-पेट्रोलाचा मेळ संगणकाकडे गेला. बसस्टँडजवळच्या मिस्त्रीने पेचकसाने हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवून, कान लावून बसवलेला मेळ आता त्याच्या हातात उरला नाही. त्याला स्कॅनर हवा आणि तो परवडत नाही. तालुक्यात धावणाऱ्या जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, वजनाने एकाला नऊपट. जुना जेट मात्र शुद्ध पेट्रोलच्या मापाने पाडलेला. साहजिकच मिश्रणात हवा जास्त होते आणि गाडी अडखळते. ज्याला हवेचे गणित कळते तो मिस्त्री यावर तोडगा काढतो, बाकीचे फिल्टर काढून फेकतात.

उन्हाळा या सगळ्यावर कडी करतो. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ अंश तर आपल्याला नवे नाहीत. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. इंजिन तेवढ्याच लिटरांत तितका प्राणवायू कमी घेते. बॉनेटखालची तापलेली हवा ओढली गेली तर तूट आणखी वाढते. मेच्या दुपारी ट्रॅक्टर ओढत नाही, धूर मारतो, ही तक्रार खरी असते. त्यावर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणे हा उपाय सर्रास केला जातो आणि तो उलटा आहे. कमी हवेत जास्त डिझेल ओतले की धूर वाढतो, इंजिन तापते आणि टाकी लवकर रिकामी होते. अशा वेळी हवेची वाट मोकळी आहे की नाही हे आधी पाहावे. जड काम पहाटे उरकता आले तर उत्तम.

यावर कुणी म्हणेल की ज्याचे यंत्र त्याने जपावे, सरकारचा काय संबंध? पण तालुक्यातल्या ट्रॅक्टरांचे वास्तव वेगळे आहे. बहुतेक शेतकऱ्यांकडे ट्रॅक्टर नसतो. ते एकरावर किंवा तासावर भाड्याने आणतात. मालक एक, चालवणारा दुसरा, वावर तिसऱ्याचे. वाटी साफ करण्यात गेलेली पंधरा मिनिटे मजुरीत धरली जात नाहीत, आणि फिल्टर फाटल्याचे नुकसान त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बसला की पंचवीस जणांची वावरे खोळंबतात. शिवाय बाजारात हुबेहूब खोक्यातला बनावट फिल्टर अर्ध्या किमतीला मिळतो आणि तो ओळखायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. त्यामुळे हा विषय खासगी म्हणून झटकता येणार नाही.

करण्यासारख्या गोष्टी मोठ्या नाहीत. अनुदानातून ट्रॅक्टर दिला जातो तेव्हा मंजूर बिलातच फिल्टरचा एक अस्सल जादा संच धरावा. एअर क्लीनर केव्हा उघडायचा, केव्हा नाही, वाटीत तेल कुठवर, हे पाच ओळींत आणि मोठ्या मराठी अक्षरांत मडगार्डवर चिकटवणे विक्रेत्याला बंधनकारक करावे. तालुक्याच्या आयटीआयतली डिझेल मेकॅनिकची मुले एप्रिलमध्ये आठवडी बाजाराच्या दिवशी बाहेर काढावीत, त्यांनी येणाऱ्या ट्रॅक्टरांचे फिल्टर, नळ्या आणि क्लिपा तपासाव्यात. मुलांचा हात बसेल आणि इंजिने वाचतील. काटोलात संत्र्याच्या रोगांसाठी फळ संशोधन केंद्र आहे, शेतकरी तिथे फांदी घेऊन जातो; यंत्राच्या रोगासाठी त्याला जायला जागा असावी, ही मागणी अवाजवी नाही.

आणि पीयूसीच्या नियमात एक ओळ वाढवावी: धूर मोजण्याआधी एअर फिल्टर जागेवर आहे आणि धड आहे, याची नोंद करावी. त्यासाठी नवे यंत्र घ्यायला नको. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी सोडायची आणि आत बोट फिरवायचे. बोट कोरडे आणि स्वच्छ निघाले तर गाडी पुढच्या तपासणीला. बोटावर धूळ आली तर फिल्टर बदलून या. धूर मोजायला लाखोंची यंत्रे बसवणाऱ्या परिवहन खात्याला एवढे बोट उचलणे जड जाऊ नये.